बँकेची सुट्टी, रखवालदाराची पाळी

दरवर्षी वर्षअखेरीला महाराष्ट्र शासनाचा सामान्य प्रशासन विभाग पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना काढतो. वर्तमानपत्रांत ती छापून येते आणि घरोघरी तिचं वाचन एकाच पद्धतीनं होतं: कोणत्या सुट्ट्या रविवारात वाया गेल्या, कोणत्या शुक्रवार-सोमवारला चिकटल्या, कुठे एक रजा टाकली की चार दिवस मोकळे मिळतील. अधिसूचनेच्या पहिल्या परिच्छेदाकडे कोणाचं लक्ष जात नाही. या सुट्ट्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ नुसार जाहीर केल्या आहेत, असं तिथे म्हटलेलं असतं. वचनचिठ्ठ्या, हुंड्या, धनादेश यांच्या व्यवहाराचा हा कायदा. कलम २५ चा विषय एवढाच, की एखाद्या वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं धरावं. मग सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय, याचा खुलासा येतो: रविवार, आणि सरकार राजपत्रात जाहीर करील तो दिवस. केंद्राचा हा अधिकार राज्यांकडे सोपवलेला आहे आणि त्याच्याच बळावर प्रजासत्ताक दिनापासून नाताळपर्यंत आपलं वर्ष आखलं जातं. या कलमात कामगार नाही, पगार नाही, विश्रांतीही नाही. सुट्टी मिळते ती कागदाला. माणसाला मिळाली तर त्या कागदाशी त्याचं काही नातं असतं म्हणून.

हे एकदा लक्षात आलं की ‘उद्या काय काय बंद?’ या प्रश्नाचं उत्तर इतकं विसंगत का असतं ते कळतं. राज्य सरकारची कार्यालयं, बँका आणि शाळा साधारणपणे बंद. पण भाऊबीजेची सुट्टी अलीकडे राज्य सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना वेगळ्या आदेशानं देतं, ती बँकांना लागू नसते. १ एप्रिलला नेमकं उलट. सरकारी कार्यालयं चालू आणि बँकेचं दार ग्राहकांना बंद, कारण आत कर्मचारी वर्षाचे हिशेब मिटवत बसलेले असतात. केंद्र सरकारची यादी वेगळी, त्यामुळे काही दिवशी तहसील बंद आणि समोरचं टपाल कार्यालय उघडं, असं दिसतं. जिल्हाधिकारी आपल्या अधिकारात स्थानिक सुट्ट्या देतात त्या आणखी निराळ्या. शेअर बाजाराचा प्रकार तर पाहण्यासारखा आहे. १ मे हा महाराष्ट्र दिन, पण बाजार मुंबईत असल्यामुळे कोलकात्याच्या दलालालाही त्या दिवशी व्यवहार करता येत नाही. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, बाजार चालू असतो, पण मुंबईच्या बँका बंद म्हणून पैशांचा निपटारा दुसऱ्या दिवसावर जातो. लक्ष्मीपूजनाला बाजार बंद, आणि तरीही मुहूर्तापुरता तासभर उघडा. वर्तमानपत्रांची सुट्टी दुसऱ्या दिवशी जाणवते: १५ ऑगस्टला कार्यालय बंद म्हणून १६ ऑगस्टचा अंक निघत नाही. सरकारी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग सुट्टीला बंद असतो आणि त्याच रस्त्यावरचा मॉल त्या दिवशी सर्वांत जास्त भरलेला असतो. गरज हा या यादीचा निकष असता तर मॉल बंद आणि बाह्यरुग्ण विभाग चालू दिसला असता. थकवा हा निकष असता तर बँकेच्या आधी बांधकामाची साइट बंद झाली असती. प्रत्यक्षात सुट्टी ठरते ती तुमच्या पगारपत्रकावर कोणाचं नाव छापलेलं आहे यावरून.

सुट्टीच्या सकाळी कोणत्याही बँकेच्या शाखेसमोर उभं राहिलं तर हे स्वच्छ दिसतं. शाखेचं शटर खाली, त्यावर दोन कुलुपं. शेजारी एटीएमची काचेची खोली उघडी, आत दिवा आणि वातानुकूलन चालू. बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर गणवेशातला रखवालदार, खुर्चीखाली डबा आणि पाण्याची बाटली. पाळी बहुधा बारा तासांची. त्याच्या गणवेशावर बँकेचं नाव नसतं, सुरक्षा पुरवणाऱ्या ठेकेदाराचं असतं. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकाच धंद्याचं काम चालतं. आतल्या कारकुनाला १८८१ चा कायदा सुट्टी देतो आणि बाहेरच्याला त्या दिवशी आपण सुट्टीत का नाही हे विचारायचीही सोय नसते. थोड्या वेळानं पैसे भरणारी गाडी येते, तिच्यातले तिघेचौघेही कामावरच असतात. दुपारी कोणी झाडू मारून जातं. म्हणजे बँक ‘बंद’ असताना तिच्यासाठी राबणाऱ्यांतले फक्त पक्क्या नोकरीवाले घरी असतात.

गंमत अशी, की ज्या कारणासाठी कायद्यानं सुट्टीची व्याख्या केली ते कारण आता बरंचसं उरलेलं नाही. बँका बंद म्हणून पैसा थांबतो, म्हणून मुदतीची तारीख सरकवावी लागते, हा १८८१ चा हिशेब होता. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस वर्षाचे सगळे दिवस, चोवीस तास चालू झालं. ऑगस्ट २०२१ पासून कर्जाचे हप्तेही सुट्टीच्या दिवशी खात्यातून वळते होऊ लागले. यूपीआयला तर सुट्टी कधी नव्हतीच. पैसा थांबत नाही म्हटल्यावर माल थांबत नाही, आणि माल थांबत नाही म्हटल्यावर तो उचलणारा, बांधणारा, पोचवणारा थांबत नाही. दिवाळीच्या दिवशी घरी बसून मागवलेली मिठाई पंधरा मिनिटांत दारात येते तेव्हा सुट्टी मागवणाऱ्याची असते. सुट्टीच्या दिवशी सेवा मागणाऱ्यांची संख्या वाढत गेली, देणाऱ्यांचीही वाढली, आणि कायदा अजून वचनचिठ्ठीपाशीच थांबलेला आहे.

खरं तर मुंबईत सुट्टीची मागणी कार्यालयातून आलेलीच नव्हती. ती गिरणीतून आली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली तेव्हा कामगारांच्या मागण्यांत रविवारची सुट्टी अग्रभागी होती. सत्यशोधक विचारांचा आणि ‘दीनबंधु’ हे पत्र चालवणारा हा माणूस सहा वर्षं ती मागणी लावून धरत राहिला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगारांची सभा झाली, तिथे दोन स्त्री-कामगारही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यातही ती आली. लोखंड्यांनी सुट्टी मागितली ती राबणाऱ्या शरीरासाठी, आणि रविवार हा खंडोबाचाही वार असल्यानं देवाधर्मासाठी. ती मिळवण्याचा मार्ग मात्र गिरणी बंद ठेवणं हाच होता. भोंगा वाजला नाही, चिमणीतून धूर निघाला नाही, की सगळ्यांना सुट्टी. एका छपराखाली हजारो माणसं आणि एकच यंत्र असल्यावर दुसरी रीत शक्यही नव्हती.

दुकानांच्या कायद्यानं हीच रीत पुढे चालवली. १९३९ साली मुंबई प्रांतानं दुकानं आणि आस्थापनांचा कायदा केला, १९४८ मध्ये तो नव्यानं केला. त्यात दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळा होत्या आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवण्याचं बंधन होतं. दादरचा बाजार सोमवारी बंद ही मुंबईकरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट याच व्यवस्थेतली. नोकराला विसावा द्यायचा म्हणून गिऱ्हाइकाची गैरसोय करायची, हे वरवर विचित्र वाटतं. पण त्यात एक मोठी सोय होती, आणि आजच्या चर्चेत तिची कोणाला आठवण राहिलेली नाही. शटर रस्त्यावरून दिसतं. दुकाननिरीक्षकाला, शेजारच्या दुकानदाराला, येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं की आज इथे काम चालू आहे की नाही. पाळीपाळीनं दिलेली सुट्टी फक्त मस्टरमध्ये असते, आणि मस्टर मालकाच्या टेबलाच्या खणात.

२०१७ च्या नव्या कायद्यानं हे बंधन काढलं. दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवता येतील, मात्र प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावी लागेल, अशी नवी रचना आली. त्याच कायद्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्याही आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक-कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. दुकान उघडं असणं आणि माणूस कामावर असणं या दोन गोष्टी कायद्यानं इथे वेगळ्या केल्या, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. पण ही तरतूद तेव्हा लागू झाली ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. दहाच्या आतल्यांनी आपला धंदा असल्याची सूचना दिली की काम भागायचं. आपल्या गावातली किराणा दुकानं, कापडाची दुकानं, गॅरेजं, खानावळी, झेरॉक्सवाले, औषधांची दुकानं डोळ्यांपुढे आणावीत. दहा नोकर असलेली किती निघतील? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं हा उंबरठा दहावरून वीसवर नेण्याला मंजुरी दिली. शटरची सक्ती काढली, ती ठीक; पण तिच्या जागी माणसाच्या सुट्टीची जी हमी आली तिचा परीघ आधीच आखूड होता आणि आता तो आणखी आकसतो आहे.

माणसाला सुट्टी देणारा कायदा कसा लिहायचा हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ मध्ये घातलेलं कलम १३५ ब पाहावं. मतदानाच्या दिवशी कोणत्याही धंद्यात, व्यापारात, उद्योगात किंवा इतर आस्थापनेत काम करणाऱ्या मतदाराला पगारी सुट्टी द्यावी, पगार कापू नये, आणि रोजंदारीवर असला तरी त्या दिवसाची मजुरी द्यावी, असं ते सांगतं. आस्थापनेत दहा माणसं आहेत की दोन, हे तिथे विचारलेलं नाही. ज्याच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामाला अपवाद ठेवला आहे. दंड ५०० रुपये, म्हणजे थट्टाच. तरी कलमाची घडण अचूक आहे. इथे सुट्टीचा धनी मतदार आहे. दुकान उघडं ठेवायचं की नाही हा मालकाचा प्रश्न, पण माणसाला सोडायचं की नाही हा त्याचा प्रश्न राहत नाही. एका दिवसापुरतं का होईना, आपण शटर आणि माणूस वेगळे करून दाखवले आहेत, आणि त्यानं कोणाचं दिवाळं निघालेलं नाही. १८८१ चं कलम २५ हुंडीसाठी राहू द्यावं. पण राज्याला आपली ‘सार्वजनिक’ सुट्टी त्या विशेषणाला शोभेलशी करायची असेल, तर ती कलम १३५ ब च्या धर्तीवर लिहावी लागेल: काही मोजके दिवस, प्रत्येक कामगाराचे, सेवा चालू ठेवायची की नाही हे गरजेवरून ठरेल, आणि त्या दिवशी कामावर येणाऱ्याला दुप्पट मजुरी किंवा बदली सुट्टी, यांतलं काय हवं ते त्यानं निवडावं. यात नवं काही नाही. कर्नाटकच्या १९६३ च्या आणि तमिळनाडूच्या १९५८ च्या राष्ट्रीय व सणसुट्ट्यांच्या कायद्यांत असा पर्याय कित्येक दशकांपासून लिहिलेला आहे.

यावर पहिली हरकत हटकून येते ती सुट्ट्या आधीच फार झाल्या, ही. तिच्यात तथ्य आहे. २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या २ ऑगस्टच्या सुट्टीसाठी आलेली याचिका फेटाळताना मुंबई उच्च न्यायालयानंही सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं, आणि सुट्ट्या कमी करण्याची वेळ आली असावी असंही सुचवलं. दोन वर्षांनी २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येतल्या राममंदिराच्या सोहळ्यानिमित्त राज्यानं सुट्टी जाहीर केली, विधी शाखेच्या चार विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिलं, आणि सुट्टी वैध की अवैध हे ठरवायला न्यायालय रविवारी बसलं. याचिका फेटाळली गेली. शेअर बाजारानं सोमवार बंद ठेवला आणि शनिवारी, २० जानेवारीला, पूर्ण दिवस व्यवहार केले. ज्यांच्या हाती वेळापत्रक आहे ते अशा सुट्टीचा धक्का सहज पचवतात. ज्यांच्या हाती नाही, त्यांच्याकडे पाहावं. तहसील कार्यालयाच्या बाहेरचा मुद्रांकविक्रेता, अर्ज लिहून देणारा, झेरॉक्सवाला, चहाचा गाडा आणि त्या गाड्यावरचा पोऱ्या यांचा कार्यालय बंद असेल तर धंदाच नसतो. आतल्याला पगारी सुट्टी आणि बाहेरच्याला उपास, हे एकाच आदेशाचे दोन परिणाम. सातबाऱ्याच्या दुरुस्तीसाठी एसटीनं आलेल्या शेतकऱ्याचा दिवसही बुडतो. तेव्हा मला सुट्ट्या वाढवायच्या नाहीत. वीस-बावीस दिवस थोड्यांना, त्यापेक्षा आठ-दहा दिवस सगळ्यांना, हा सौदा मी घेईन. सरकारी कर्मचाऱ्यांना तो रुचणार नाही. पण २९ फेब्रुवारी २०२० पासून त्यांचा आठवडा पाच दिवसांचा झालेला आहे, बँकांनाही सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा आहे, आणि यादी छाटण्याचा विषय तेव्हाच निघायला हवा होता.

दुसरी हरकत बरोबर उलट दिशेनं येते. सगळ्यांनाच सुट्टी द्यायची तर सगळं बंदच का ठेवू नये? जर्मनीत रविवार आणि सणांच्या विश्रांतीला राज्यघटनेचं संरक्षण आहे, दुकानं बंद असतात, लोक निभावून नेतात. हा मार्ग सरळ वाटतो, पण आपल्याकडे तो नेमक्या चुकीच्या माणसावर कोसळेल. दसऱ्याच्या सकाळी झेंडूचे ढीग लावून बसलेल्या बाईला सुट्टी नको असते, गिऱ्हाईक हवं असतं. तिच्या वर्षभराच्या कमाईतला मोठा हिस्सा अशा चार-पाच दिवसांत येतो. जो स्वतःचा मालक आहे त्याला बंदची सक्ती म्हणजे दंडच. शिवाय बंद कोणाला करायचं हे ठरवण्याची मुभा एकदा प्रशासनाला दिली की ती विश्रांतीसाठीच वापरली जाईल याची खात्री नाही. २०२५ च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेनं कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला, १९८८ च्या एका निर्णयाचा हवाला दिला, आणि गदारोळ झाला. खाटकांना विसावा मिळावा म्हणून तो आदेश निघाला असं कोणीही म्हटलं नाही. आणि काही कामं थांबवताच येत नाहीत. तोडलेल्या उसाचं वजन आणि साखर तासातासाला घटते, म्हणून हंगामात कारखाना थांबत नाही आणि तोडणीही थांबत नाही. दिवाळी, संक्रांत फडातच जाते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यांतलं कोणी एक दिवस बसलं तर खाडा पडतो आणि मुकादम तो आगाऊ दिलेल्या उचलीच्या हिशेबात धरतो. या जोडप्याला ‘कारखाना बंद’ ही सुट्टी कधीच मिळणार नाही. त्यांना मिळू शकते ती बदली सुट्टी आणि खाडा न धरण्याची हमी, आणि ती माणसाच्या नावानं लिहिली तरच मिळेल. मुंबईच्या लोकलचंही तेच आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्या रविवारच्या वेळापत्रकानं धावतात आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. प्रवासी घरी असतात म्हणूनच रुळांवर काम करणाऱ्यांचे त्या दिवशी हाल असतात.

बंद ठेवण्याची सवय उत्पादकाच्या मुळावर कशी येते, ते नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या बाजार समित्यांत दिसतं. दिवाळीत आणि मार्चअखेरीला तिथले लिलाव सलग काही दिवस बंद राहतात. अमावस्येला लिलाव न करण्याची जुनी चालही तिथली. हमाल-मापाऱ्यांना सण हवा, व्यापाऱ्यांना हिशेब हवेत, दोन्ही रास्त. पण शेतकऱ्याच्या चाळीतला कांदा त्या दिवसांत नासायचा थांबत नाही, आणि बाजार उघडल्यावर एकदम आवक होऊन भाव पडण्याची भीती त्याच्याच डोक्यावर असते. हमालांच्या टोळ्यांना आळीपाळीनं सुट्टी देऊन लिलाव चालू ठेवणं अवघड असेल, अशक्य नाही.

तिसरी हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. बदली सुट्टी म्हणजे सण नव्हे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कामावर असलेल्या नर्सला पुढच्या मंगळवारी सुट्टी दिली, तर त्या मंगळवारी तिचं घर रिकामं असतं: मुलं शाळेत, नवरा कामावर, दारात रांगोळी नाही. सण सगळ्यांनी एकाच वेळी साजरा करायचा असतो, म्हणूनच तो सण. या हरकतीला पुरतं उत्तर नाही, आणि दुप्पट मजुरीनं ती संध्याकाळ परत येते असा दावा मी करणार नाही. पण तीव्रता कमी करता येते. २०१७ च्या कायद्यात ठरवायच्या चार सुट्ट्यांची मुभा आहे. ती सगळ्या आस्थापनेसाठी एकगठ्ठा न ठेवता माणसागणिक द्यावी. एखादीला दिवाळी हवी असेल, एखाद्याला ईद, एखादीला नाताळ, एखाद्याला १४ एप्रिल. जिथे निरनिराळ्या घरांतली माणसं काम करतात तिथे एकाची पाळी दुसऱ्यानं घेण्याची पद्धत कायद्याविनाच चालत आलेली आहे. तिला कागदावर आणायचं एवढंच. आणि सणाची सुट्टी जागची हलत नाही हेही तितकंसं खरं नाही. २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची मुंबईतली सुट्टी सरकारनं पुढे ढकलली, कारण अनंत चतुर्दशी जवळ आली होती आणि मिरवणुका वेगवेगळ्या दिवशी निघाव्यात असं ठरलं होतं. दोन्ही विसर्जनांना आणि दोन्ही जुलूसांना बंदोबस्तावर उभ्या राहिलेल्या शिपायाच्या सुट्टीचा विचार त्या अधिसूचनेत करायला जागा नव्हती.

चौथी हरकत व्यवहाराची. ज्याला एक मालकच नाही त्याला सुट्टी देणार कोण? चार घरची धुणीभांडी करणारी बाई, तीन अ‍ॅपांवर नाव असलेला डिलिव्हरीवाला, नाक्यावरचा मजूर. घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ चा कायदा आहे, पण त्याचा रोख मंडळामार्फत कल्याणकारी योजनांवर आहे. कामाचे तास आणि सुट्टी त्यानं घरमालकिणीच्या मर्जीवरच सोडली. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेनं गिग कामगार हा शब्द कायद्यात आणला, सुट्टी आणली नाही. तरीही ‘मालक नाही’ ही सबब महाराष्ट्रानं तरी पुढे करू नये, कारण तिचं उत्तर याच राज्यानं १९६९ मध्ये शोधलेलं आहे. माथाडी कायद्याखाली हमालांच्या टोळ्या अनेक व्यापाऱ्यांची कामं करतात. व्यापारी मजुरीबरोबर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही मंडळाकडे भरतात, आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा आणि सणसुट्ट्यांचा पगार दिला जातो. माल कोणाचाही असो, सुट्टी हमालाची. खाजगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये याच घडणीची मंडळं आली. माथाडी मंडळांत भानगडी आहेत, खंडणीखोरांनी त्यांचं नाव वापरलं, हे सगळं मान्य. तत्त्व त्यामुळे खोटं ठरत नाही. अ‍ॅपवाल्यांच्या बाबतीत तर हे काम जास्त सोपं आहे. हमालाच्या पाठीवरच्या पोत्यांची नोंद ठेवायला टोळीचा मुकादम लागत असे. इथे प्रत्येक फेरी, प्रत्येक मिनिट आधीच नोंदलेलं असतं. प्रत्येक ऑर्डरमागे काही पैसे बाजूला पडले, तर वर्षाच्या आठ सुट्ट्यांचा सरासरी रोज सहज निघेल. कंपन्या म्हणतात, सणाला जास्त फेऱ्या करणाऱ्याला आम्ही जादा रक्कम देतोच. ती जास्त कामाची किंमत झाली. सुट्टीचा पगार म्हणजे त्या दिवशी गाडी स्टँडवर लावून घरी बसणाऱ्यालाही मिळणारा पैसा.

राहता राहिला छोट्या मालकाचा खर्च, आणि त्याबद्दल भावनेपेक्षा आकडेमोड बरी. एका सोसायटीत चाळीस घरं आहेत असं धरू. दिवसपाळी आणि रात्रपाळी मिळून दोन रखवालदार, प्रत्येकाला महिन्याला १५,६०० रुपये. महिन्याचा पगार २६ नी भागून रोज काढायची रीत आहे, त्या हिशेबानं रोज ६०० रुपये. आठही सणसुट्ट्यांना दोघांना कामावर ठेवलं आणि दुप्पट मजुरी दिली, तर वर्षाचा जादा खर्च ९,६०० रुपये. घरटी वर्षाला २४० रुपये, महिन्याला २०. याहून जास्त रक्कम गणेशोत्सवाची वर्गणी म्हणून दारावर आलेल्या मंडळाला दिली जाते. किराणा दुकानदाराकडे दोन नोकर असतील तर त्यालाही वर्षाला एवढेच ९,६०० पडतील. ते त्याला जड जातील, कारण त्याच्याकडे वाटून घ्यायला चाळीस घरं नाहीत. त्यानं नोकरांना ते आठ दिवस सोडून स्वतः गल्ल्यावर बसावं, हा पर्याय त्याला आजही आहे आणि पुष्कळ दुकानदार तेच करतात. सोसायटीची खरी अडचण पैशांच्या पुढची आहे. दोन्ही रखवालदार दुप्पट मजुरी नाकारून सुट्टी मागतील, आणि दोघांनाही दिवाळीच हवी असेल. मग कमिटीला त्या तीन दिवसांपुरता बदली माणूस शोधावा लागेल. तो बहुधा असा निघेल, की पुढे ईदला सुट्टी मागेल, आणि त्या दिवशी त्याच्या जागी कोण उभं राहणार हे कमिटीला वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवावं लागेल.